रथसप्तमीची ओटी

फिंतास, २ फेब्रुवारी २०२४

ती. आईंस,
नीरजाचा सा. न. वि. वि.

फोनवर तुम्हाला नीट ऐकू येत नाही, म्हणून सर्फराजभाईंच्या हाती हा कागद. ते उद्या गावी निघतात. तुमचे चिरंजीव मुकेश बरे आहेत. स्वराला मराठीत विचारलं की इंग्रजीत उत्तर येतं.

रथसप्तमीला इथल्या मराठी मंडळाचं हळदीकुंकू आहे. त्यात माझा सत्कार आहे. इथं आखातात घरकामाला आलेल्या बायकांसाठी मी पोलिसात, दूतावासात खेटे घालते म्हणून. मंडळाची अध्यक्ष तुमची भाची अबोली. तिच्या घरी कामाला तुम्हीच पाठवलेली ठकूबाई. ठकूबाईच्या रुपालीचं पहिलं बाळंतपण तोंडावर आलंय. लेकीसाठी ठकूबाईला गावी जायचंय आणि अबोली तिचा पासपोर्ट देत नाही. मुलांच्या परीक्षा होऊ देत म्हणते. कायद्यानं तो ठेवून घेता येत नाही. मी दोनदा मागितला. तिनं मला सत्काराला कुठली साडी नेसणार ते विचारलं.

तुम्ही तिला दोन ओळी लिहा. तुमचं ऐकेल.

आशीर्वाद असू द्या, उत्तरही.
नीरजा

देवरूख, ९ फेब्रुवारी

चि. नीरजास आशीर्वाद.

पत्र पोचलं. मी अबोलीला काही लिहिणार नाही. परक्या मुलखात तिनं ठकूला घरात ठेवलं, जेवूखाऊ घातलं. पासपोर्ट कपाटात असला तर हरवणार नाही, एवढंच. रुपालीकडे मी जाईन. आईवाचून काय बाळंतपणं अडतात? तू जगातल्या बायका सोडव, माझ्या भावाच्या घरात हात घालू नकोस. मोतिया साडी नेस, नारळ घे आणि गुमान घरी ये.

माया आहे म्हणून लिहिते.
आई

फिंतास, १८ फेब्रुवारी

ती. आईंस सा. न.

मोतिया साडी नेसले. तेवढं ऐकलं.

हॉलमध्ये ठकूबाई दुधाचे पेले फिरवत होती. विधवा म्हणून तिला कुंकू कुणी विचारलं नाही, कामाला मात्र चालली. अबोलीनं माइकवर मला बायकांचा आधार म्हटलं आणि ओटी भरायला आली. मी पदर पसरला. म्हटलं, तांदूळ नकोत, नारळ नको, ठकूबाईचा पासपोर्ट घाल. ती हसली. मी पदर तसाच धरून बसले. एक बाई म्हणाली, कार्यक्रम उरकल्यावर बघा. दुसरी म्हणाली, सणाच्या दिवशी पसरलेला पदर रिकामा ठेवत नाहीत, अबोली, आटप. मागे रांग खोळंबली. शेवटी अबोलीचा नवरा गाडी काढून सबाह अल-सालेमला घरी गेला. तो येईतो कुणी तिळगूळ तोंडात घातला नाही. अबोलीनं पासपोर्ट माझ्या पदरात घातला; फेकलाच. मी तो तिथंच ठकूबाईच्या हातात दिला.

शाल खुर्चीवरच राहिली. ठकूबाई बुधवारी निघतेय, हे पत्र तिच्याच हाती. तुम्ही रागवाल. रागवा. मलाही तुमचा राग आलाय.

नीरजा

देवरूख, ३ मार्च

चि. नीरजास,

वहिनीनं, अबोलीच्या आईनं, माझ्याशी बोलणं टाकलं. गावभर तुझ्या नावानं खडे फोडते.

रुपालीला मुलगी झाली. अवघड गेलं. मी होते, पण ती ठकूचा हात सोडीना. मला दाराशी उभं राहण्यापलीकडे काम नव्हतं.

काल ठकू घरी आली. मी ओटी भरायला घेतली. ती मागे सरली, म्हणाली विधवेची भरत नाहीत. म्हटलं, भरणारीही विधवाच आहे, पदर धर. तिनं धरला.

तू मागितलेल्या दोन ओळी सोबत आहेत. उशीर झालाय, पण अबोली आता कामाला दुसरी बाई ठेवणारच; तिचा पासपोर्ट कपाटात जायला नको. टपालात टाकू नकोस. स्वतः नेऊन दे आणि ती वाचेपर्यंत समोरून हलू नकोस.

राग ठेव, पत्र थांबवू नकोस.
आई