मानसी एकटी तरंगली

शनिवार, संध्याकाळ

मानसी बावीस वर्षांची. सेरेब्रल पाल्सीमुळे पाय जन्मापासून ताठ, म्हणून आजवर सगळ्यांनी तिला नुसतं बसवून ठेवलं. गेला महिनाभर खाडीच्या उथळ पाण्यात मी तिच्या पाठीखाली हात धरून उभी राहतेय.

आज ती म्हणाली, "ताई, हात काढ गो."

काठावरून तिची आई ओरडली, "सोडू नको, बुडात ती!"

मी हात काढलाच नाही. फिजिओथेरपिस्ट मी, आणि घाबरलं कोण? मीच. मानसी चिडली. "मी बुडलंय तर उचल. पण आधी सोड!"

सोडलं. चार श्वास ती एकटी तरंगली. मग नाकात पाणी गेलं, खोकली, हसली. आई रडत होती. उद्यापासून तुम्हीही पाण्यात उतरायचं, असं मी तिच्या आईला तिथेच सांगून टाकलं.