राणी आणि श्रीमती

बॉथेल,
३ फेब्रुवारी २०२४

ती. चारुतामावशीस,
सईचा सा. न. वि. वि.

राणीवरची टिपणं सोबत पाठवते आहे. नव्या गावच्या मराठी मंडळापुढे पहिलंच भाषण, तेही इंग्लंडच्या पहिल्या एलिझाबेथवर, म्हणजे पार्सिपनीकरांची काही खैर नाही. माझा प्रबंध तिच्या न झालेल्या लग्नावर तीन वर्षं अडकला आहे, तू तासाभरात उरकशील. फक्त सांगून आलेली सगळी स्थळं मोजत बसू नकोस. स्थळं झुलवत ठेवून तिने चव्वेचाळीस वर्षं राज्य केलं, एवढं पुरे. राज्याभिषेकाची अंगठी दाखवून आपलं लग्न या राज्याशीच झालंय असं म्हणायची, ते मात्र सांग.

फोनवर तू मजेत आहेस याच्यापुढे जात नाहीस, म्हणून पत्रात विचारते. रक्त पडत होतं, त्यासाठीची आतड्यांची दुर्बिणीची तपासणी झाली का? जन्मभर लोकांना भूल देणाऱ्या डॉक्टरला मी काय सांगणार? पण सांगतेच.

माया आहेच, ती कमी होऊ देऊ नकोस.
तुझी,
सई


पार्सिपनी,
१९ फेब्रुवारी २०२४

चि. सईस,
अनेक आशीर्वाद.

भाषण झालं, लोक जागे राहिले. गंमत वेगळीच झाली. कार्यक्रमाची जाहिरात देवांग नावाच्या मुलाने केली. बिचाऱ्याने आदर म्हणून माझ्या नावामागे ‘श्रीमती’ लावलं. सौ. नाही, श्रीमती आहे, म्हणजे नवरा गेलेला, असा आमच्या वयाच्या बायकांनी सरळ अर्थ लावला. त्यात मी बफेलोहून नुकतीच आलेली, घरात एकटी. सगळं जुळलंच. ‘कु.’ लिहिलं असतं तर बाहत्तराव्या वर्षी मी शाळेच्या बक्षीस समारंभाला आल्यासारखी दिसले असते, ते निराळं.

भाषणानंतर मंडळातल्या सुलभाताईंनी माझा हात हातात घेऊन विचारलं, किती दिवस झाले. मला वाटलं, इथे राहायला येऊन. मी म्हटलं, चार महिने. त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. दुसऱ्या दिवसापासून डबे सुरू झाले, आमटी, भरली वांगी, थालीपीठ. समोरच्या रेखाताई संध्याकाळी फिरायला न्यायला येतात. ‘ह्यांचा’ फोटो कसा लावला नाहीत असं त्यांनी विचारलं, तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला. मी म्हटलं, अजून खोकी उघडायची आहेत.

तुला खरं सांगू? मला बरं वाटलं. दार वाजतं, कुणीतरी जेवलात का विचारतं.

तपासणी मी दोनदा कॅन्सल केली. भूल दिल्यावर घरी न्यायला ओळखीचं माणूस लागतं, टॅक्सी चालत नाही. याच नियमावर बोट ठेवून मी एकट्या आलेल्या पेशंटना परत पाठवत असे. आता सव्वीस मार्चला रेखाताई नेणार आहेत. तेवढं होईपर्यंत राहू दे मला श्रीमती.

जपून राहा, वेळेवर जेवत जा.
तुझी,
मावशी


बॉथेल,
२८ फेब्रुवारी २०२४

ती. मावशीस,
सा. न. वि. वि.

पत्र वाचून आधी खूप हसले. मग नाही हसू आलं. उद्या या बायकांनी कधी नसलेल्या काकांचं वर्षश्राद्ध विचारलं तर तिथी कुठली सांगणार आहेस?

मी विमानाने येते म्हटलं की तुला मी शिकवते ते वर्ग बुडताना दिसतात. ते दुसरं कुणीही घेईल. सध्या मी राणीच्या शेवटच्या दिवसांवर लिहिते आहे. ती पलंगावर आडवी व्हायलाच तयार नव्हती, जमिनीवर उशा टाकून बसून राहिली होती. भोवती अख्खा दरबार होता आणि तिच्या घरचं असं कुणी नव्हतं. लिहिताना मला सारखी तू दिसतेस, आणि मग मला पुढे लिहवत नाही.

रेखाकाकूंना खरं सांग. तू आवडली असशील तर त्या तरीही येतील.

रागावू नकोस, आणि रागावलीस तरी उत्तर लिही.
तुझी,
सई


पार्सिपनी,
९ मार्च २०२४

चि. सईस,
अनेक आशीर्वाद.

सांगितलं. चहा गाळता गाळता सांगून टाकलं की माझं लग्नच झालेलं नाही. रेखाताई रागावल्या नाहीत. उलट त्यांचा जीव भांड्यात पडला. म्हणाल्या, बरं झालं बाई, आम्ही उगाच मनाला लावून घेतलं, तुम्हाला तर पहिल्यापासून एकटीची सवयच आहे. त्यांचे उल्हासराव दोन वर्षांपूर्वी गेले. त्यांना अजून दोन कप चहा टाकायची सवय मोडता येत नाही, असं त्या म्हणाल्या.

दुसऱ्या दिवशी त्या फिरायला आल्या नाहीत. डबेही थांबले. वाईट कुणीच वागलं नाही गं, मंडळात भेटल्या की सगळ्या हसून बोलतात. फक्त माझं काही गेलेलं नाही म्हटल्यावर सांत्वन कशाचं करायचं, हे त्यांना कळेना. सव्वीस तारखेला याल ना, असं विचारलं तर रेखाताई आजही येतील. माझ्या तोंडून ते निघालं नाही.

सवय आहे, हे खरं. दवाखान्यातून इंग्रजीत विचारतात, एकट्या राहता का? मी हो म्हणते आणि पत्ता सांगितल्यासारखी पुढच्या प्रश्नाकडे वळते. मराठीत हे मी कधी कुणाला सांगितलं नव्हतं. सई, मला फार एकटं वाटतं. आणि या वेळी भीतीही वाटते आहे, कारण रक्त थांबलेलं नाही.

तू ये. वर्ग बुडाले तर बुडू देत.

आशीर्वाद नेहमीचेच आहेत, मागणं मात्र पहिल्यांदाच करते आहे.
तुझी,
मावशी