डिपोर्ट म्हणजे कुठे?

सोम. ९ जाने. १९५६
सरांनी आज फळ्यावर 'पोर्ट' लिहिलं. मूळ लॅटिन, अर्थ वाहून नेणं. आत आणलं की इंपोर्ट, बाहेर पाठवलं की एक्स्पोर्ट, शिवाय ट्रान्सपोर्ट, रिपोर्ट. एक मूळ धरा, दहा शब्द सुटतील, म्हणाले. मॅट्रिकला दोन महिने.
होडीत गोवामुक्तीची पत्रकं सापडली म्हणून बाबांना पोर्तुगीजांनी गोव्यात धरलं, त्याला आज चार महिने.

गुरु. १२
मुंबईहून बाबांबद्दल सरकारी पत्र. इंग्रजीत. घरात इं. मला एकटीलाच येतं. आई चुलीपुढून उठून आली, हात पिठाचे. कामाची एकच ओळ: 'डिपोर्टेड' झाल्याचं 'रिपोर्टेड' आहे. म्हणजे बाहेर नेलं. कुठे, ते नाही.
"काय लिवलेला आसा गो? सोडल्यानी मां?"
हो म्हटलं. तोंडातून निघूनच गेलं.

शुक्र. १३
आईने देवळात नारळ ठेवला. वाडीभर सांगून आली. काकाला हद्दीवर, बांद्याला पाठवलं, बाबांना आणायला.
शाळा सुटल्यावर सरांना पत्र दाखवलं. चष्मा पुसून दोनदा वाचलं.
"हद्दीबाहेर काढलं असेल, तर बांद्याला येतील. नाहीतर..."
"नाहीतर काय, सर?"
"काहींना बोटीने आफ्रिकेत, पोर्तुगीजांच्या तुरुंगात नेलं म्हणतात."
घरापर्यंत कशी आले, आठवत नाही.

रवि. १५
काका एकटाच आला. दोन दिवस नाक्यावर बसून होता. "महिनाभरात कोणाकच सोडूक नाय म्हणतत."
आई म्हणाली, वाटेत आसतीत. भात त्यांच्या वाटणीचाही टाकला.

सोम. १६
आज खरं सांगितलं, आफ्रिकेसकट. आई मारेल वाटलं. ती खाली बसली.
"त्याच दिवशी कित्याक सांगूक नाय?"
"भ्याले गं."
"मी पण भियालंय," म्हणाली. मग, "कागद घे. खंय ठेवल्यात तां विचार. आणि लिही, तेका दमो आसा. थंडीत लय धापता."
दम्याचा इं. शब्द डिक्शनरीत शोधला. स्पेलिंग विचित्र, तीनदा ताडून पाहिलं. बाबांना कुठे ठेवलंय, असं विचारणारा अर्ज घेऊन दोघी पोस्टात गेलो. उत्तर किती दिवसांत येतं, विचारलं.
पोस्टमास्तर म्हणाले, "कुठून यायचंय, त्यावर आहे."