शिंगाचा धूर

प्रिय जलीला,

रव्याचा डबा उघडलास की आधी हे पत्रच हाताला लागेल. घाबरू नकोस, पैसे खाली जसेच्या तसे आहेत. गेल्या वर्षी याच डब्यावर मी डल्ला मारला होता, त्यामुळे तुझ्या छातीत धस्स झालं तर दोष माझाच.

शेजारच्या बशीरभाईंनी ईदच्या आधी गच्चीवर हा एवढा मेंढा आणून बांधला आणि माझं डोकं फिरलं. तोंडातले पुढचे दात बसवायला तू वर्षभर साठवलेले पैसे मी उचलले, त्यांच्याहून मोठा मेंढा आणला आणि ऑफिसात बोनस मिळाला म्हणून तुला थाप मारली. ईद झाल्यावर तू डबा उघडलास. "माझे दात त्या मेंढ्याच्या तोंडात घातलेस होय रे?" एवढंच म्हणालीस. मग वीस दिवस अबोला. एकविसाव्या दिवशी तू मला नवरा-बायकोंचं समुपदेशन करणाऱ्या फौझियाबाईंकडे नेलंस. औषधाच्या दुकानावरच्या त्यांच्या खोलीचा जिना चढतानासुद्धा मी कुरकुरत होतो, "नवरा-बायकोच्या भांडणाला डॉक्टर कशाला? मला काय वेड लागलंय?"

बाईंनी कुणी किती उडवले ते विचारलंच नाही. लहानपणी घरात पैशाचा विषय निघाला की काय व्हायचं, एवढंच विचारलं. तू सगळं सांगितलंस. आई साखरेला कुलूप लावायची, चपलेचा अंगठा तुटला तरी तू घरी सांगायची नाहीस. सांगताना रडलीस. आणि मी? मी ताठ बसून म्हणालो, "आमच्याकडे कशाची ददात नव्हती. दर ईदला गल्लीतला सगळ्यात मोठा मेंढा आमचाच." खाली उतरल्यावर तू माझा हात धरलास. "चूक माझीच आहे, मोन्जी. तू भरल्या घरात वाढलास, मी कुलपात. म्हणून मला खर्च टोचतो."  मी चक्क मान डोलावली. त्या मानेची मला आज लाज वाटते.

पन्नास दिनारांच्या वरचं काही घ्यायचं तर एकमेकांना विचारायचं, असं बाईंकडे ठरलं. आपली भांडणं खरंच कमी झाली, हे मान्य करतो. पण तू गुडघ्याच्या साध्या मलमासाठीही मला फोन करतेस. चोर मी आणि परवानगी तू मागतेस!

परवा तर कहर झाला. दातांचे पैसे पुन्हा जमले होते, ते तू माझ्या हातात ठेवलेस. "मोठा बघून आण. तुझ्या घरची रीत माझ्यामुळे मोडायला नको." हसताना नेहमीसारखा तोंडावर हात होताच. मी बाजारात गेलो. विकणारा म्हणाला, "साहेब, शिंगं बघा शिंगं! गल्ली बघत राहील!" ते ऐकलं आणि मी मागे वळलो. रिकाम्या हाताने परत आलो, तुला म्हणालो, भाव चढलेत.

जलीला, आमच्या घरची रीत ऐक. मी नऊ वर्षांचा होतो. बाबा वीटभट्टीवर पडले, पाय मोडला, चार महिने घरी. ईदच्या दिवशी गल्लीभर मुंडी-पाय भाजल्याचा वास सुटला. बाबा लंगडत गच्चीवर गेले आणि आदल्या वर्षीचं जपून ठेवलेलं शिंग त्यांनी निखाऱ्यांवर धरलं. तसाच वास यावा म्हणून मूठभर लोकरही टाकली. मला म्हणाले, "कुणी विचारलं तर आपला कापून झाला म्हण." मी गल्लीभर सांगत फिरलो. शेजाऱ्यांनी आमचा धूर पाहिला आणि आमच्या दारी कुर्बानीचा वाटा पाठवला नाही. ज्याने कापलाय त्याला कोण पाठवणार? गरिबांकडे ताटं जाताना आम्ही खिडकीतून बघत होतो. आईने कुसकुसवर नुसता बटाटा वाढला. 

फौझियाबाईंसमोर मी तेच शिंग जाळलं. तू रडत जे सांगितलंस तो माझ्यासाठीच आणलेला वाटा होता, आणि मी दार लावून बसलो. वर तुला कंजूष ठरू दिलं. तू कंजूष नाहीस गं. मीच भेदरट आहे.

हे तोंडाने सांगायला तीनदा तुझ्यासमोर बसलो, तीनदा चहा पिऊन उठलो. म्हणून हे पत्र. मंगळवारी ते बाईंकडे घेऊन ये आणि त्यांच्यासमोर तूच वाच, मी शेजारी बसेन, उठून जाणार नाही. यंदा मेंढा आणायचा की नाही, ते तिथे दोघं मिळून ठरवू. दातांच्या डॉक्टरची वेळ मात्र मी परस्पर घेतलेली नाही. पैसे तुझे आहेत, तूच ठरव. आणि बशीरभाईंकडून यंदा ताट आलं, तर दार मी उघडेन.

तुझाच,
मोन्जी