बुटांवरचं हाताळणी शुल्क

४ फेब्रुवारी, मंगळवार. सकाळी ११ वाजून २० मिनिटं

शाळेत सिस्टर सांगायच्या — राग आला की आधी तारीख आणि वेळ लिहावी. तेवढ्यात अर्धा राग शाईत उतरतो. लिहिली. उतरला नाही.

बरोबर ११ वाजून २० मिनिटांनी कुरिअरवाल्याचा फोन. "मॅडम, परदेशातून तुमचं पार्सल आलंय. कस्टम ड्यूटी भरावी लागेल. लिंक पाठवतो."

"कसली ड्यूटी? पैसे सगळे आधीच भरलेत."

"ते वस्तूचे, मॅडम. हे सरकारचे. आणि थोडे आमचे."

थोडे आमचे! रक्कम ऐकली आणि खाली बसले. मालाच्या किमतीच्या निम्म्याहून जास्त!! म्हटलं, लिंकबिंक नको, पत्र पाठवा. "पत्र?" असं म्हणाला की जणू मी कबूतर मागितलं.

त्याच दिवशी, दुपारी

हे झोपलेत. तेवढ्यात लिहून घेते.

पार्सलमध्ये काय आहे? डोंगर चढायचे बूट — एक जोड. घडीच्या दोन काठ्या. एक पाठपिशवी. सगळं ह्यांच्यासाठी, आणि ह्यांना काही म्हणजे काही ठाऊक नाही. मोजणी खात्यात चाळीस वर्षं रानोमाळ चालून ह्यांचे पाय पुढून फावड्यासारखे रुंद झालेत. इथल्या दुकानातला एक बूट होत नाही. लेकीने शोधून शोधून बाहेरची ती कंपनी काढली. माप मात्र मी घेतलं. दुपारी हे घोरत असताना पावलाखाली कागद सरकवला आणि पेन्सिल फिरवली. जन्मभर ह्यांनी जगाच्या जमिनी मोजल्या, ह्यांचं पाऊल मोजायची वेळ माझ्यावर आली. मध्येच जागे झाले. "काय गं?" म्हटलं, मुंगी होती. "पेन्सिल घेऊन आलेली?" — आणि कूस बदलून पुन्हा घोरायला लागले.

चौदा महिने झाले. चौकात चक्कर येऊन पडले, भोवती गर्दी जमली, कुणी तोंडावर पाणी मारलं, कुणी बूट काढून हुंगवला. डॉक्टरांनी तपासून सांगितलं, काही नाही, हिंडा-फिरा. पण तेव्हापासून ह्यांनी फाटक ओलांडलेलं नाही. जिना उतरतात, आवारातल्या शिंप्याच्या दुकानात बसतात, परत येतात. आम्ही दर रविवारी सकाळी सहाला टेकडीवर जायचो. एकही रविवार चुकवला नव्हता. आता रविवारी सहाला जाग येते आणि दोघंही झोपल्याचं सोंग घेतो.

५ फेब्रुवारी

पत्र नाहीच, ईमेल आला. कोपऱ्यावरच्या दुकानातून छापून आणला. वाचून हसू की रडू!

बूट — "क्रीडासाहित्य". सत्तरीच्या माणसाचे बूट हे क्रीडासाहित्य! काठ्यांचा दर निराळा, पिशवीचा निराळा. त्यावर कर, त्या करावर आणखी एक कर. आणि शेवटी — हाताळणी शुल्क. हात लावल्याचे पैसे! उद्या बघितल्याचे लावतील. शिवाय खोकं गोदामात राहील तितके दिवस रोजचं साठवण शुल्क. म्हणजे ओलीस ठेवायचं त्या लोकांनी आणि ओलिसाच्या जेवणाचा खर्च आमच्या माथी.

६ फेब्रुवारी

लेकीचा फोन. "आई, भरून टाक ना. मी भरते."

"अजिबात भरायचं नाही. प्रश्न पैशांचा नाही, तत्त्वाचा आहे."

"तुझ्या तत्त्वाला रोज भाडं चढतंय!"

वाह्यात कार्टी. जीभ माझ्यावर गेलीय.

७ फेब्रुवारी

स्वतः गेले कस्टम कचेरीत. ह्यांना सांगितलं, दाताच्या डॉक्टरकडे जातेय. फाटकावर वहीत सही करायची, मग चौथा मजला. लिफ्ट बंद. "दुरुस्ती सुरू आहे" अशी पाटी — आणि त्या पाटीवरसुद्धा धूळ. तिसऱ्या मजल्यावर कठड्याला धरून उभी राहिले तेव्हा वाटलं, बरं झालं हे नाहीत बरोबर.

काउंटरवर एक मुलगी. अंबाड्यात पेन खोचलेलं. सगळं टेबल धुंडाळून पेन शोधत होती. मी दाखवलं तेव्हा हसली. गुणी वाटली. पण कायदा तिच्याकडचा!

"काकू, हरकत ऑनलाइन नोंदवा ना."

"मी लेखी देणार."

"लेखी घेतलं की उत्तरही लेखी द्यावं लागतं हो आम्हाला."

"मग द्या की! चौतीस वर्षं पाणीखात्याच्या आवक-जावक टेबलावर काढलीत मी. माझ्या टेबलावरून एक कागद उत्तराशिवाय गेला नाही."

मागे रांगेतला एकजण म्हणाला, "आजी, आम्हालाही कामं आहेत." वळून म्हटलं, "मग कामावर जा, इथे काय करताय?" सगळी रांग हसली. तोही हसला, मेला.

८ फेब्रुवारी, शनिवार

अर्ज लिहिला. तीन मसुदे फाडले. पहिले तीन मुद्दे उत्तम जमले — वर्गीकरण चुकीचं, हाताळणी शुल्काचा खुलासा नाही, साठवण शुल्क अन्यायकारक. सिस्टरांनी शाबासकी दिली असती.

चौथा मुद्दा लिहावा की नाही, तासभर ठरत नव्हतं. शेवटी लिहिला. इथे उतरवून ठेवते —

"४) सदर वस्तू चैनीच्या नाहीत. माझे यजमान चाळीस वर्षे पायी हिंडले. गेले चौदा महिने ते घराच्या फाटकाबाहेर गेलेले नाहीत. ते भित्रे नाहीत. आमच्या दोघांत भित्री मी आहे. त्यांनी ते कधी चारचौघांत सांगितले नाही. हे बूट पाहून ते निघतील अशी मला आशा आहे. ती आशा आपल्या गोदामात पडून आहे. कृपया त्वरा करावी."

अर्जात असलं लिहायचं नसतं. आमच्या टेबलावर असा कागद आला असता तर मीच "मुद्द्याचे बोला" असा शेरा मारून परत पाठवला असता. पण राहू दिलं. कार्बन घालून प्रत काढली, फायलीत लावली, फाइल शिवणयंत्राच्या टोपीखाली. तिथे हे कधी हात घालत नाहीत.

१० फेब्रुवारी

रजिस्टर पोस्टाने पाठवला. खिडकीतल्या माणसाने पत्ता वाचून माझ्याकडे असं पाहिलं की मी जणू देवालाच पत्र पाठवतेय.

१२ फेब्रुवारी

उत्तर नाही. हे सकाळी शिंप्याकडे जाऊन बसले. दोन तासांनी आले ते घामाने निथळत. चेहरा पांढराफटक. विचारलं तर म्हणे, शिंप्याचा पंखा बिघडलाय. त्या शिंप्याला चांगली सुनावणार होते. "राहू दे गं, गरीब माणूस आहे," म्हणाले आणि पाणी प्यायले — एका दमात तांब्याभर.

१४ फेब्रुवारी

आजही शिंप्याकडे. इस्त्रीचा शर्ट घालून! शिंप्याला काय मुलगी बघायला चाललेत? उत्तर नाही.

१५ फेब्रुवारी

लेकीशी भांडण. ती म्हणाली, "आई, तुला बाबांचे बूट हवेत की पावती हवी?"

फोन ठेवला. मी ठेवला, तिने नाही.

खरंच, काय हवंय मला? इथे खोटं कशाला लिहू! बूट आले आणि हे तरीही उठले नाहीत, तर? खोकं गोदामात आहे तोवर मला कारण आहे. दोष कस्टमचा आहे. खोकं घरी आलं की मग दोष कुणाचा?

१८ फेब्रुवारी

हे सबंध सकाळ शिंप्याकडे. जेवायला दीड वाजवला. ताट गार झालं म्हणून मी बडबड बडबड बडबडले. ह्यांनी मात्र दोनदा वाढून घेतलं. कित्येक महिन्यांत दुसऱ्यांदा मागितलं नव्हतं. मग पसरले ते थेट पाचपर्यंत. पायाच्या पोटऱ्यांना हात लावला तर विव्हळले. "झोपून झोपून आखडलेत," म्हणाले. तेल लावून दिलं.

२० फेब्रुवारी. दुपारी ३ वाजता

विजय!!!

कुरिअरवाल्याचा फोन. साठवण शुल्क पूर्ण माफ! ड्यूटी आणि हाताळणी मात्र भरावी लागेल, पार्सल घेताना दारात. चालेल. ते निषेध नोंदवून भरीन. लेकीला फोन केला — "बघ, लेखीची ताकद!"

"हो गं बाई, तू जिंकलीस," म्हणाली. आवाजात काहीतरी हसत होतं. जळतेय.

२२ फेब्रुवारी, शनिवार

आलं खोकं. पैसे दिले, पावती घेतली, पावतीवर "निषेधासह" लिहिलं. पार्सलवाला म्हणाला, "मावशी, मी काय केलंय?" त्याला पाणी दिलं.

हे पेपर वाचत होते. खोकं समोर ठेवलं. म्हटलं, "तुमचं आहे. उघडा."

उघडलं. कागद बाजूला केले. बूट हातात घेऊन खूप वेळ तळवे बघत बसले. दाणेदार, कोरे तळवे. मग पायात घातले. माप अगदी बरोबर! पलंगापासून खिडकीपर्यंत चालले, खिडकीतून टेकडीच्या बाजूला बघितलं. मी दाराशी उभी. परत आले, बसले, नाड्या सोडल्या, बूट कागदात गुंडाळून खोक्यात ठेवले.

"छान आहेत," म्हणाले. "उगाच एवढा त्रास घेतलास."

"आवडले नाहीत?"

"आवडले गं. बघू."

बघू!

मी स्वयंपाकघरात गेले आणि नळ सोडून ठेवला. उगीचच. भांडी घासलेलीच होती.

२३ फेब्रुवारी, रविवार

सहाला जाग आली. सोंग.

२४ फेब्रुवारी

खोकं पलंगाखाली. त्याच्यावर मी आज केरसुणी फिरवली, त्याच्याखालून नाही.

विचार करतेय. चौदा महिन्यांपूर्वी ते पडले हे खरं. पण मग मी काय केलं? जिन्यावर कोपर धरलं. हे दोन पावलं पुढे गेले की मागून माझी हाक. "अहो, जपून!" शेजारणीला ह्यांच्या देखत सांगितलं, "हे आता बाहेर पडत नाहीत हो." लहान मुलाबद्दल बोलावं तसं. ह्यांनी ते ऐकलं आणि चष्मा पुसायला घेतला. मी चष्म्याकडे बघितलं. ह्यांच्याकडे नाही बघितलं.

बूट घेऊन दिले. कोपर कुठे सोडलंय?

२७ फेब्रुवारी, गुरुवार. सकाळी ११ वाजता

कस्टमचं पत्र आलं. लेखी! उत्तर आलं! शब्दशः उतरवते —

"आपल्या दि. ८ च्या अर्जासंदर्भात. आपले यजमान दि. १२ रोजी व दि. १४ रोजी या कार्यालयात आल्याचे फाटकावरील नोंदवहीतील सहीवरून दिसते. मात्र दोन्ही दिवशी ते वर न येता परत गेले. दि. १८ रोजी ते चौथ्या मजल्यावरील कक्षात समक्ष हजर राहिले. आपल्या अर्जाची कार्बन प्रत त्यांनी सोबत आणली होती. त्यांच्या विनंतीवरून साठवण शुल्क माफ करण्यात आले. मुद्दा क्र. ४ हा या कार्यालयाच्या कार्यकक्षेत येत नाही."

खाली पेनने, वेगळ्या अक्षरात — "काकू, लिफ्ट अजून बंदच आहे. काका एकेका मजल्यावर थांबत आले. घरी सांगू नका म्हणाले होते, पण तुम्ही उत्तर लेखी मागितलंत."

चष्मा तीनदा पुसला.

फसवलं मला! शिंपी सामील, लेक सामील! हे आत पेपर वाचताहेत, उलटा धरलाय की सुलटा, देव जाणे. तोंडाने काही विचारायला गेले तर माझं काय होईल माहीत आहे. म्हणून हा कागद लिहून त्यांच्या चहाच्या कपाखाली ठेवतेय —

"मोजणीदार साहेबांस. आपण तीन वेळा, कोणीही कोपर न धरता, शहराच्या दुसऱ्या टोकाला जाऊन आल्याचे या कार्यालयास आज समजले. येत्या रविवारी सकाळी सहा वाजता आपण टेकडीवर एकटे जाणार, की मला बरोबर नेणार? मी चार पावलं मागून चालेन. हाक मारणार नाही. उत्तर शनिवार, दि. १ मार्च, सायंकाळी पाचच्या आत लेखी द्यावे. तोंडी उत्तर ग्राह्य धरले जाणार नाही."