पुण्याला जाईन, म्हणाले

६ मे
अजून शिवत नव्हता. आईचा पिंड मांडून पाऊण तास झालेला. नदीकाठी सावली नाही. समोरच्या बाभळीवर चार कावळे, खाली एकही नाही. गुरुजी घड्याळ बघून म्हणाले, "दर्भाचा करून लावू या का?" अण्णा नको म्हणाले. अनवाणी उभे होते. वाळू तापलेली.

सांगोल्याच्या मामांनी हात जोडले. "अक्के, दाजींची काळजी करू नको. आमी हाय की." काही नाही. "वर्षश्राद्ध नीट करू." काही नाही. "पोरगी शिकंल, लई शिकंल." एक कावळा उडाला, दुसऱ्या फांदीवर बसला. मग मामा माझ्याकडे वळले. "तायडे, तू बोल. तुझ्यात जीव अडकलाय तिचा. कुटं जाणार ते सांग की."

मी म्हणाले, "पुण्याला जाईन. जवळ राहीन."

आला. भात उचलला. गेला.

"बघा, ऐकलं तिनं," मामा म्हणाले. अण्णा रडले. दहा दिवसांत पहिल्यांदा.

मी ते म्हणाले कारण अण्णांचे पाय भाजत होते.

७ मे
खोटं नव्हतं तसं. पुण्याच्या व्यवस्थापन संस्थेचं प्रवेशाचं पत्र आई असतानाच आलेलं. ती पलंगावरून म्हणाली होती, "पेढे आत्ता नकोत. हैदराबादचं पण कळू दे, मग बघ." डायलिसिसचा दिवस नव्हता, बरी होती. कैऱ्या चिरायला घेतल्या होत्या.

हैद. ची मुलाखत २७ एप्रिलला. २५ ला तिला दवाखान्यात ठेवलं. डॉक्टर म्हणाले, दोन दिवसांत घरी. मी विचारलं, जाऊ का? म्हणाली, "आणि इथं बसून काय करणार आहेस? सलाइन मोजणार?"

गेले.

९ मे
तेरावं. पंगत उठत होती. जिलबीचं ताट माझ्या हातात. फोन कमरेला वाजला, तो नंतर बघितला. हैद. चं आलं. अभिनंदन, आपली निवड झाली आहे, वगैरे.

ताट स्वयंपाकघरात ठेवलं. हात चिकट होते, फोनच्या पडद्यावर डाग पडला.

कुणाला सांगितलं नाही.

११ मे
चौकटीच्या कागदावर दोन रकाने केले. पु. आणि है. शिक्षक, नोकऱ्या, वसतिगृह, ग्रंथालय, अंतर. एका यादीत पु. वर, दुसऱ्या यादीत है. दोन्हीकडच्या एकेका जुन्या विद्यार्थ्याशी फोनवर बोलले. दोघांनीही एकच वाक्य सांगितलं: शेवटी तुम्ही काय करता त्यावर आहे.

अंतरही जवळजवळ सारखंच. आमचं सोलापूर मधोमध. गाडी इकडेही जाते, तिकडेही.

पु. ची मुदत २० ला संध्याकाळी. है. ची दुसऱ्या दिवशी.

१३ मे
रेश्माबरोबर नवी पेठेत. आईच्या फोटोला चौकट. दुकानदार म्हणाला, हार चंदनाचा देऊ का प्लास्टिकचा, प्लास्टिकचा धुता येतो. रेश्माच म्हणाली, चंदनाचा द्या.

तिला है. चं सांगितलं. बी.ए. पासून एकत्र आहोत, हिलाच सांगू शकते.
"मग अडचण काय? दोन्हीकडे टायच बांधायला शिकवणार."
"मुलींना टाय नसतो."
"मग तुझा एक विषय कमी."

हसले. सोळा दिवसांनी. मग वाटलं रस्त्यात कुणी बघितलं असेल.

ती रिक्षात बसताना म्हणाली, "तू आधीच ठरवलंयस. नाहीतर सांगितलं नसतंस."

१४ मे
ठरवलेलं नाही. पण है. कडे का ओढ, ते लिहून ठेवते.

मुलाखतीला फोन बाहेर पेटीत ठेवायला लावले. आत तिघं. पहिला प्रश्न अपेक्षित: मराठीत एम.ए., साहित्य सोडून इकडे का? मी म्हणाले, माझी आई शाळेत साठ मुलं आणि घरी माझे वडील सांभाळते, व्यवस्थापन म्हणजे काय ते मी घरी बघितलंय. तिघंही हसले. मग पाऊण तास मी बोलत राहिले. इतकं चांगलं मी कधीच बोलले नव्हते. बाहेर येऊन पेटीतून फोन घेतला. अण्णांचे सात कॉल.

ती अकरा चाळीसला गेली. मी साडेअकराला आत गेले होते.

त्या पाऊण तासासाठी त्यांनी मला घेतलंय. तिथं गेले नाही, तर त्या दिवशी मी तिथं कशाला होते?

हे कागदावरच्या कुठल्याच रकान्यात बसत नाही.

१५ मे
दुपारी जेवताना अण्णांना सांगितलं. वरण वाढत होते. थांबले नाहीत, वाढत राहिले.

"पुण्याचं ठरलंय ना."
"तेव्हा हे आलं नव्हतं."
"तू तिला शब्द दिलास."
"मामांनी बोल म्हटलं म्हणून बोलले."
"शिवला की नाही?"
"अण्णा, कावळा तो. भूक लागली असेल."

ताटावरून उठले नाहीत. शेवटचा घास संपवला, ताट स्वतः विसळलं, मग आत गेले. शाळेच्या कचेरीत तीस वर्षं काढलेला माणूस, राग आला की जास्तच नीट वागतो.

संध्याकाळी मामांचा फोन. अण्णांनीच केला असणार. "तायडे, सांगोल्याला ये आठ दिस. डाळिंबाखाली बस. डोकं थंड हुईल."
"मामा, मुदत वीसची आहे."
"मुदत त्या लोकांची. अक्काला काय सांगायचं मग?"

१६ मे
आठवलं. आजीच्या दहाव्याला कावळा आला नव्हता. तेव्हा अण्णांनीच गुरुजींना घाई केली होती. दर्भाचा करा आणि मोकळे व्हा, पाहुण्यांना गाडी गाठायचीय. परत येताना रिक्षात आई त्यांच्याशी बोलली नाही. ते हसत होते. "पक्ष्याला काय कळतंय गं."

त्यांचा कावळ्यावर विश्वास नाही. कधीच नव्हता.

मग?

१७ मे
विचारलं. सरळच. सकाळी ते पेपरच्या घड्या घालत होते.

"अण्णा, कावळ्याचं राहू दे. हैदराबाद का नको?"

हातातली घडी पूर्ण केली. मग: "ते नाव ऐकलं की मी दवाखान्याच्या जिन्यात असतो. तुला फोन लावत."

मी खालची घडी सरळ केली.

"तिनं विचारलं होतं. पोचली का म्हणून."
"तुम्ही काय सांगितलंत?"
"पोचली म्हटलं. आत गेलीय म्हटलं."
"मग?"
"मग काही नाही. बरं म्हणाली."

घड्या एकावर एक नीट लावल्या. रद्दीवाला अजून महिनाभर येणार नाही.

म्हणजे तिला माहीत होतं मी कुठे आहे. हे मला वीस दिवस माहीत नव्हतं. त्यांनी का सांगितलं नाही, हे विचारलं नाही. मी तरी त्यांना काय काय सांगितलंय. तो विनोद सांगितला नाही. तिघं हसले ते सांगितलं नाही.

१८ मे
काही नाही. ऊन. आईच्या साड्या मावशींना द्यायच्या म्हणून काढल्या, परत ठेवल्या. दोन्ही संस्थांचे आठवण करून देणारे ईमेल, जवळजवळ एकाच मजकुराचे.

पु. ला गेले तर अण्णा दर रविवारी येतील. डबा आणतील. फाटकाशी उभे राहतील. आम्ही त्या दिवसाबद्दल कधीच बोलणार नाही.

है. ला गेले तर ते एकदाही येणार नाहीत, आणि

१९ मे
संध्याकाळी म्हणाले, "अण्णा, मला हैदराबादला जायचंय. पण तुम्ही नको म्हणालात तर जाणार नाही."

"म्हणजे माझ्यावर ढकललंस."
"हो."
"आईला पण असंच करायचीस. सहलीला जाऊ का, जाऊ का. ती चिडायची."
"चिडून जा म्हणायची."
"मी तिच्यासारखा नाही." चष्मा काढला, पुसला, घातला. "तिथं तुला सोडायला मला यावं लागेल. पहिल्या दिवशी. एकटी कशी जाशील?"
"गेले होते की एकटी."

हे बोलायला नको होतं. तोंडातून गेलं. त्यांनी टीव्ही लावला. बातम्या संपेपर्यंत दोघं बघत बसलो.

२० मे
सकाळी उठले तर अण्णा घरात नव्हते. साडेनऊला आले, शर्ट घामानं भिजलेला. स्टेशनवर गेले होते. आरक्षणाचा फॉर्म आणलाय. मोबाईलवर तिकीट निघतं, ते त्यांना माहीत आहे. टेबलाशी बसून शाईच्या पेननं भरला. प्रवासी दोन, माझं नाव, त्यांचं नाव, वयं. कुठून: सोलापूर. कुठपर्यंत, तो रकाना कोरा ठेवला. फॉर्म माझ्याकडे सरकवला, पेन त्यावर ठेवलं, आणि अंघोळीला गेले.