हरल्याचं पान

१२ जानेवारी

चि. मास्तरांस, दादाचे भरघोस आशीर्वाद.

एका घोड्याची खरी किंमत ऐक. चित्रकाराचा अख्खा महिना, माझी झोप, आणि तुझ्या वहिनीचं जेवणाचं टेबल, ज्यावर शाई सांडली ती सांडलीच. पण घोडा असा उतरलाय की पानातून टापा ऐकू याव्यात. आपल्या तिसऱ्या, राणीच्या पुस्तकाच्या नव्या आवृत्तीत तो शेवटच्या पानावर घातला. तिथं किल्ला पडल्याचा तुझा मजकूर होता, तो काढला. आता राणी घोड्यावर बसते आणि पुस्तक संपतं. लेकरांना रडवायचं कशाला? तुला विचारणार होतो, पण छपाई तोंडावर आलेली.

मी चौथी नापास, बाइंडिंगची खळ ढवळत मोठा झालो, तरी पोरांची नस मला कळते. कुठल्याही शाळेत जा, आपली पुस्तकं फाटेस्तोवर वाचतात. आता चौथ्या पुस्तकाचं, वेढ्याचं बाड कधी धाडतोस? त्यातल्या धोबिणीसाठी वहिनीचा जीव टांगणीला लागलाय.

लोभ आहेच, त्याला खळ लावायची गरज नाही.

तुझा दादा

८ एप्रिल

ती. दादांस, शि. सा. न.

घोडा पोचला. देखणा आहे. वर्गातही नेला होता. पेपर तपासून मान मोडली आहे. वेढा काही जमत नाही. धोबीण तटावर चढते आणि तिथंच अडून बसते, काही केल्या उतरेना. यंदा माझ्याकडून होईलसं वाटत नाही, वाट पाहू नये. वहिनींना सांगावं, टेबलाला लिंबू चोळून बघा.

लोभ आहे तेवढा राहू द्यावा.

धाकटा

१४ नोव्हेंबर

मास्तरांस,

काल कागद बघायला त्या मोठ्या प्रकाशकांच्या छापखान्यात गेलो होतो. तिथं प्रुफं अजून जुन्या पद्धतीनं तपासतात. एक मोठ्यानं वाचतो, दुसरा बाडाशी ताडून बघतो. मी चहा पीत बसलो होतो. फळीपलीकडून आवाज आला, की धोबीण तटावर चढली स्वल्पविराम आणि तिनं ओली चादर अशी झटकली स्वल्पविराम की शत्रूच्या तोंडावर शिंतोडे उडाले पूर्णविराम.

ती झटक मी शंभरात ओळखीन. मागच्या सुट्टीत माझ्याच गच्चीवर, माझाच टॉवेल घेऊन तू ती करून दाखवली होतीस. म्हणजे बाई तटावर अडून बसली नव्हती, तिनं बिऱ्हाड बदललं होतं.

तिथल्या मॅनेजरनं कौतुकानं विचारलं, की तुमच्या धाकट्यांचंच ना. मी हो म्हणालो. चांगलं लिहितो, असंही म्हणालो. आणि संपलेल्या चहाचा कप पुन्हा तोंडाला लावला.

जायचं होतं तर जायचंस, तोंडावर सांगून जायचंस. तुझ्या पहिल्या पुस्तकाला कुणी दारात उभं करत नव्हतं तेव्हा मी ते हातानं शिवलं. केसानं गळा कापायची विद्या कुठल्या शाळेत शिकलास तेवढं कळव.

लोभाबद्दल आज काही लिहीत नाही.

दादा

२३ नोव्हेंबर

ती. दादांस, सा. न.

खोटं बोललो. त्यावर सारवासारव करत नाही.

पण पान काढलंत तेही न विचारताच. घोडा वर्गात नेला तेव्हा एका मुलीनं विचारलं, की घोड्यावर बसून राणी मग कुठे गेली. मी सांगितलं की ती हरली. मुलगी म्हणाली, की पुस्तकात तसं नाही आणि पुस्तकावर तर तुमचंच नाव आहे. सगळा वर्ग हसला. माझ्याच पुस्तकानं मला खोटं पाडलं.

वेढ्याच्या शेवटी शहर पडतं. धोबीणही वाचत नाही. बाड तुमच्याकडे आलं असतं तर तुम्ही तिलाही घोड्यावर बसवलं असतंत. त्या लोकांनी एकही ओळ गाळणार नाही असं लिहून दिलंय. सख्ख्या भावाकडे तसं लिहून मागायला जीभ रेटेना, म्हणून चोरासारखा गेलो. तुम्ही शिवलेलं पुस्तक अजून उशाशी असतं.

लोभाचं काय करायचं ते तुम्हीच ठरवावं.

धाकटा

ता. क. शाळेच्या कपाटातल्या तिसऱ्या पुस्तकाच्या जुन्या आवृत्तीला चिकटपट्ट्या लावून मी थकलो. घोड्याच्या आवृत्तीची एकही प्रत फाटलेली नाही.